आपल्या सणांची गावाकडची नावे

सिनेगॉगच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी समाजाच्या इतिहासावर काही लिहून पाठवावे, असा मंडळाचा निरोप आम्हाला हॅरोला मिळाला तेव्हा प्रथम संकोच वाटला. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हे. सारे आयुष्य वॉर्डात गेले. तरी कपाटातल्या जुन्या स्मरणिका खाली काढल्या आणि चाळल्या. बहुतेक प्रत्येकीत पहिला लेख एकच आहे: नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेले जहाज, त्यातून वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया, आणि समुद्राने परत दिलेल्या प्रेतांच्या दोन मोठ्या कबरी. या कथेविषयी आम्हाला आदरच आहे. नवगावला गेल्यावर समोर खांदेरी-उंदेरीचे खडक दिसतात आणि आपोआप डोके झाकले जाते. (नवगाव अलिबागच्या उत्तरेला, थळजवळ, दक्षिणेचे नागाव वेगळे. मुंबईचे रिक्षावालेच नव्हे, आपले समाजबांधवही यांत गल्लत करतात.) परंतु ही कथा आता प्रत्येक मुलाला पाठ आहे. ते जहाज कोणत्या साली फुटले, यावर विद्वानांचे एकमत नाही आणि ते होईल असेही वाटत नाही.

म्हणून आम्ही दुसरे काही लिहीत आहोत. जहाजातून उतरल्यावर आपले लोक शेकडो वर्षे ज्या गावांत राहिले, तिथे त्यांचे वर्ष कसे जात होते? पाऊस कधी, भात कधी, रोजा कधी, आणि त्या दिवसाला घरात काय म्हणत? याचा पुरावा ताम्रपटात नाही. तो आपल्या आज्यांच्या तोंडी होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो नाहीसा झाला. त्यात आमचाही हात आहे, ते पुढे येईलच.

आमचे आजोळ आणि बालपणीचे घर रेवदंड्याचे. रेवदंडा म्हणजे जुन्या चौलचा समुद्राकडचा भाग. चौल हे इतके जुने बंदर की दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी मसूदी तिथे येऊन गेला, आणि पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात आला तो इथेच उतरला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. त्या तटाच्या आत आजही नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. खाडीपलीकडच्या कोर्लई गावातले ख्रिस्ती लोक अजून पोर्तुगीज आणि मराठी मिसळलेली आपली स्वतंत्र बोली बोलतात. ते ऐकले की आम्हाला नेहमी वाटे, एवढ्याशा गावाने आपले शब्द सांभाळले, मग आपण का नाही?

रेवदंड्याचे बेथ एल सिनेगॉग १८४२ चे. अलिबागच्या इस्रायल आळीतले माघेन आबोथ १८४८ चे असून त्याची आजची इमारत १९१० ची आहे. पनवेलचे १८४९ चे आणि पेणचे १८६३ चे. मुंबईची जुनी मशीद, म्हणजे शाअर हारहमीम, या सर्वांच्या आधीची, १७९६ ची. ती सामुएल एझिकेल दिवेकर यांनी बांधली हे सर्वश्रुत आहे. आता हिशेब करा. सिनेगॉगे आली ती गेल्या सव्वादोनशे वर्षांत. त्याआधीच्या साऱ्या पिढ्यांना सिनेगॉग नव्हते, सेफेर तोरा नव्हता, हिब्रू वाचता येणारा माणूस बहुधा नव्हता. शेमा तेवढा तोंडपाठ होता. सुंता होती, शब्बाथ होता, खवले आणि पर असलेलाच मासा खाण्याचा नेम होता. आणि सण होते. हे सारे घरात टिकले, पडवीत आणि चुलीपाशी.

शब्बाथाबद्दल दोन शब्द. आपल्याला 'शनिवार तेली' म्हणत, हे कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटिअरच्या काळातही लोकांना ठाऊक होते. तेल्याचा धंदा हा कोकणात मोठ्या मानाचा नव्हे, आणि आपल्यातले काही लोक हे नाव सांगायला लाजत. आम्हाला त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही. बैलाचा लाकडी घाणा दिवसभर कुरकुरत असतो, आणि तो आवाज साऱ्या आळीला ऐकू जातो. आठवड्यातून एक दिवस तो बंद पडला की शेजाऱ्यांना वार समजत असणार. एका अख्ख्या गावाला आपला शब्बाथ माहीत होता तो असा, तेल न गाळण्यामुळे. पुढे आपली मंडळी कंपनी सरकारच्या पलटणींत गेली, मग मुंबईच्या कचेऱ्यांत, रेल्वेत, शाळांत आणि इस्पितळांत. झिराड हे अलिबाग तालुक्यातले लहानसे गाव. त्या गावाचे आडनाव लावणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांनी १९१९ मध्ये लंडनची एम.डी. पदवी घेतली आणि पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलचा कारभार पाहिला. आमच्या पिढीच्या किती मुली त्यांच्याकडे बघून नर्सिंगला गेल्या असतील! घाणे मात्र मागे राहिले आणि एकेक करून बंद झाले.

आता सणांकडे वळू.

आमची आई वर्ष मोजायची ते नव्याच्या सणापासून. हा रोश हशाना. त्यासाठी चिकाचा हलवा हवाच. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून त्याचा चीक काढायचा, नारळाचे दूध आणि साखर घालून मंद आचेवर ढवळत राहायचे, आणि हात दुखला की दुसऱ्याच्या हाती कालथा द्यायचा. नव्याच्या सणानंतर, तिश्री महिन्याच्या चौथ्या दिवशी, खिरीचा सण. नव्या धान्याची, नारळाच्या रसाची, गोड खीर. हा सण जगातल्या इतर यहुद्यांना माहीतच नाही. असणार कसा? त्याच सुमारास कोकणात हळवे भात कापणीला येते. चार महिन्यांच्या पावसानंतर घरात पहिला नवा दाणा येतो. आपल्यातला असो की आगरी-कुणबी असो, त्या दिवशी ज्याच्या घरी भात आहे तो गोड करणारच. आपल्या लोकांनी धूप जाळून, शेमा म्हणून ती खीर पवित्र केली, एवढेच.

मग दारफळणीचा सण, योम किप्पूर. पांढरी वस्त्रे, दार लावलेले, दिवसभर बाहेरच्या कोणाशी बोलणे नाही, शिवणे नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. फाल्गुनात होळीचा सण, म्हणजे पुरीम. पुरणपोळी त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही. चैत्रात अनशी ढाकायचा सण. अनस म्हणजे आंबट रसाचे मडके, आणि ढाकणे म्हणजे झाकणे. पेसाहच्या आठ दिवसांत आंबलेले काही चालत नाही. पाव-यीस्ट कोकणातल्या खेड्यात नव्हतेच, आंबलेले म्हणून घरात जे होते ते हे मडके. तेव्हा तेच झाकून ठेवले. मिसर देशातून निघण्याची कथा ज्यांना पूर्ण आठवत नव्हती, त्यांनी मडके मात्र न चुकता झाकले, याचे आम्हाला फार नवल वाटते. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या मराठी हग्गादात मात्सा करणाऱ्या बायकांचे चित्र आहे: लुगडी नेसलेल्या, जमिनीवर बसून लाटणाऱ्या. ते चित्र पाहिले की आमच्या घरचा ओटा नसलेला स्वयंपाक डोळ्यांपुढे येतो.

हानुक्का या यादीत नाही. हायीम सामुएल किहीमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलेल्या इतिहासात याच गोष्टीवरून असा निष्कर्ष काढला आहे, की आपले पूर्वज मक्काबींच्या विजयाआधी निघाले असावेत. निष्कर्ष खरा असेल किंवा नसेल. पण इतिहास शोधायला त्यांनी सणांची यादी पुरावा म्हणून धरली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

सर्वांत जास्त लिहायचे आहे ते बिरड्याच्या सणाविषयी. तिशा बेआव, आव महिन्याची नवमी, बेथ हामिकदाश जळाले तो दिवस. या दिवशी रोजा, आणि रोजा सोडताना केळीच्या पानावर भात आणि वालाचे बिरडे. यहुद्यांच्या सर्वांत दुःखाच्या दिवसाला आपल्या लोकांनी एका कडधान्याचे नाव दिले, म्हणून आम्हाला पूर्वी शरम वाटे. आता वाटत नाही. त्याचे कारण गावात राहिल्याशिवाय कळत नाही. रायगडात भात कापून झाल्यावर, जमिनीत ओल राहते तिच्यावर वाल पेरतात. थंडीत हिरव्या शेंगा आल्या की शेतावर पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, वरून जाळ. उरलेला वाल वाळवून साठवतात तो पावसाळ्यासाठी. आषाढ-श्रावणात समुद्र खवळलेला असतो, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, मासळी नाही, भाजीपाला कुजतो. आव महिन्यात नवमीपर्यंत आपल्यात मांस वर्ज्य. घरात उरते काय? तांदूळ, आणि डब्यातला वाल. तो भिजवायचा, मोड आणायचे, एकेक साल काढायचे. बिरडे हे पावसाळ्याचे, टंचाईचे अन्न आहे. शोकाच्या दिवशी तेच पानावर येणे हे अगदी योग्य होते.

आणखी एक गोष्ट आम्ही ताडून पाहिली आहे. आपले महिने चंद्राचे आणि मराठी पंचांगाचेही चंद्राचे. दोन्हींत एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात. त्यामुळे पुष्कळदा दोन्हींच्या तिथी जुळून चालतात. २०२४ साल घ्या. पुरीम २४ मार्चला, त्याच रात्री होळी. पेसाहचा पहिला दिवस २३ एप्रिल, त्याच दिवशी हनुमान जयंती, चैत्री पौर्णिमा. रोश हशाना ३ ऑक्टोबर, त्याच दिवशी घटस्थापना. तिशा बेआव १३ ऑगस्ट, श्रावण शुद्ध अष्टमी-नवमी. सहा दिवसांनी नारळी पौर्णिमा आणि होड्या पाण्यात. कधी एक महिन्याचा फरक पडतो, कारण अधिक महिना दोन्हींकडे एकाच वेळी येत नाही. २०२३ मध्ये पंचांगात अधिक श्रावण आला, आपला अधिक आदार २०२४ मध्ये. म्हणून २०२३ ला रोश हशाना १६ सप्टेंबरला आणि घटस्थापना १५ ऑक्टोबरला पडली. तिथी मात्र तीच राहते. ज्या गावात छापील लुआख नव्हते, तिथे आकाशाकडे पाहून, शेजाऱ्याला तिथी विचारून आपले सण पाळता येत होते. पुरीमला होळीचा सण म्हणण्यात अज्ञान नव्हते, हिशेब होता.

मग ही नावे गेली कशी? एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिकवणारे आले. जॉन विल्सन या मिशनरी गृहस्थांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. जोसेफ एझिकेल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. त्यांचे उपकार आहेतच. सुक्कोथ, सिमहाथ तोरा, हानुक्का आपल्या घरी आले ते त्यामुळे. नवी नावे शिकलेल्यांच्या तोंडी बसली आणि जुनी नावे म्हाताऱ्यांकडे, बायकांकडे आणि खेड्यात उरली. नंतर खेडीच रिकामी झाली. १९५० च्या सुमारास हिंदुस्थानात आपण वीस हजारांच्या आसपास होतो. त्यानंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्याला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली तेव्हा आनंद झाला, पण कोकणातल्या गावांत ती मान्यता घ्यायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरे उरली होती.

पण सारा दोष इतिहासावर टाकता येत नाही. आम्ही मुंबईला नर्सिंगच्या वसतिगृहात राहत होतो. पावसाळ्यात सुट्टीवर घरी आलो, तर आई वाल सोलत बसली होती. "बरे झाले आलीस, उद्या बिरड्याचा सण," ती म्हणाली. आम्ही हसलो. "आई, सण काय म्हणतेस? तो तिशा बेआव. देवाचे घर जळाले त्या दिवसाला कोणी बिरड्याचा सण म्हणते का? मुंबईत लोक हसतील." आई काही बोलली नाही. वाल सोलत राहिली. त्यानंतर तिने आमच्यासमोर ते नाव कधी उच्चारले नाही. पत्रात लिहायची तेही 'तिशा बेआवचा रोजा' असे, शाळकरी अक्षरात, नीट. अनशीचे मडके कसे झाकत, त्यावर काय ठेवत, काही म्हणत का, हे विचारायचे राहून गेले. आम्ही १९८० च्या दशकात इकडे आलो आणि आई गेली तेव्हा आमची इकडे ड्यूटी चालू होती.

इकडे हॅरोला आल्यावर आम्हाला एक वेगळेच दृश्य दिसले. इथल्या लोकांना आपल्या गावाच्या नावाची केवढी हौस! हॅरो हे नाव आठव्या शतकातल्या, ७६७ च्या एका दस्तऐवजात सापडते आणि त्याचा अर्थ ख्रिस्तपूर्व धर्माचे देवस्थान असा लावतात. टेकडीवर आज सेंट मेरीचे चर्च आहे, १०९४ मध्ये प्रतिष्ठा झालेले. म्हणजे चर्चवाल्या गावाने जुन्या देवस्थानाचे नाव नऊशे वर्षे बिनतक्रार वापरले, आणि त्याची कोणाला शरम वाटली नाही. शेजारच्या पिन्नरला १३३६ च्या राजाज्ञेने सुरू झालेली जत्रा अजून भरते, मे अखेरच्या बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी, भर रस्त्यात. आता तिथे गुरेढोरे नाहीत, पाळणे आणि खाऊ असतो. तरी वार चुकत नाही. वॉर्डातली म्हातारी माणसे आम्हाला सांगत, की त्यांच्या आजोबांच्या वेळी हा सारा गवताचा मुलूख होता. लंडनच्या घोड्यांचे वाळके गवत इथून जाई. १८८० मध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे आली, १८८५ ला पिन्नरपर्यंत पोचली, पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, गवताच्या शेतांवर घरे उठली. ऐकताना आम्हाला घाणा आठवे. त्यांच्या परगण्याच्या इतिहासाचा जाड खंड मात्र ग्रंथालयात आहे, शेत कोणाचे आणि वहिवाट कुठून, सारे त्यात आहे. आमच्या आईच्या मडक्याची नोंद कुठे आहे?

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही रेवदंड्याला गेलो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला आता २०२० पासून मोटारीसकट बोट जाते. पूर्वी पावसाळ्यात लाँच बंद झाली की आजोळ जगापासून तुटे. वाटेत किहीम लागते. १९३० च्या पावसाळ्यात डॉ. सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला तो या गावी. आपल्या इतिहासकारांचे आडनाव इथले, हे किती वाचकांच्या लक्षात आहे, कोण जाणे. खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या खडकापाशी थांबलो; तू बिश्वात जवळ आलाच होता. मलिदा घरून करून नेला होता, पोहे, ओले खोबरे, गूळ आणि पाच फळे.

रेवदंड्यात प्रथम वाडीच ओळखेना. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. आमच्या घरामागची सावली गेली होती, लख्ख ऊन पडले होते, आणि मधे गुडघाभर नवी रोपे. पोफळीला धरायला सात-आठ वर्षे लागतात. घर आता दुसऱ्यांचे आहे. शेजारच्या काकू मात्र होत्या, ऐंशी उलटलेल्या, दृष्टी अधू झालेल्या. आवाजावरून ओळखले. "कधी आलीस गो बाय?" पाणी दिले, गूळ दिला. आईची आठवण निघाली, आणि त्या सहज म्हणाल्या, "तुमच्या बिरड्याच्या सणाला आमच्या घरी वाटी यायची. मासळी नसायची ना तेव्हा. तुझ्या आईच्या बिरड्याला वेगळीच चव." क्षणभर आम्हाला बोलता येईना. जे नाव आम्ही आईच्या तोंडून काढून घेतले होते, ते या बाईने इतकी वर्षे जपले होते. आम्ही अनशीच्या मडक्याविषयी विचारले. ते त्यांना माहीत नव्हते. ते घराच्या आतले होते, दाराबाहेर आले नाही. बिरडे वाटीतून बाहेर गेले म्हणून टिकले.

"यंदा कधी आहे सण?" काकूंनी विचारले. आम्ही ऑगस्टची तेरा तारीख सांगितली. त्यांनी सुनेला भिंतीवरचे कालनिर्णय काढायला लावले, पाने उलटवली. "श्रावणातली नवमी," सून म्हणाली. काकूंनी मान डोलावली. त्यांना ते आधीच माहीत होते.

निघताना त्यांनी वाल दिला, दोन किलो, गावठी, कडू चवीचा. तो आम्ही हॅरोला आणला. ऑगस्टमध्ये इकडे ऊन असले तरी वालाला पुरेशी ऊब नसते; ओल्या फडक्यात बांधून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवावा लागतो, टॉवेलांच्या मधे, आणि तरी मोड यायला दोन दिवस जास्त लागतात. केळीची पाने वेम्बलीला ईलिंग रोडवर मिळतात. १३ ऑगस्टच्या संध्याकाळी चार घरची माणसे जमली होती. त्यांपैकी दोघांना बिरड्याचा सण हे नाव पहिल्यांदा ऐकू आले आणि एकीला, पेणकडच्या एका वयस्कर बाईंना, ते तीस वर्षांनी ऐकू आले. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे बिरड्यात कोकम पडे, चिंच नाही. आमच्याकडे चिंच. यावर बराच वेळ वाद झाला.

मंडळाला आमची एक विनंती आहे. पुढच्या स्मरणिकेत दोन कोरी पाने ठेवावी आणि ज्यांच्या घरी सणांची जुनी नावे, त्या दिवशीचे पदार्थ, चिंच की कोकम, कोणाला वाटी जाई, हे कोणाला आठवत असेल त्यांनी ते गावाच्या नावासकट लिहून पाठवावे. अनशीच्या मडक्याविषयी कोणाला काही ठाऊक असेल तर ते प्रथम.